एक्स-रे नॉर्मल, मग गुडघा का दुखतो?

गुडघा मुरगळून दोन-तीन महिने झाले, तरी जिने उतरताना कळ येते, मधूनच पाय कच खातो. एक्स-रे काढला तर रिपोर्ट नॉर्मल. मग एकजण म्हणतो, ‘एक्स-रेत काही नाही ना, मग दुर्लक्ष कर.’ दुसरा म्हणतो, ‘सरळ एमआरआय काढ, सगळं कळेल.’ दोन्ही सल्ले फसवे आहेत, कारण दोघांनीही स्कॅनला शरीराचा फोटो मानलंय. जितकं मोठं यंत्र तितका स्वच्छ फोटो, असा त्यांचा हिशेब. खरं तर प्रत्येक यंत्र आपल्या शरीराचा एक वेगळाच गुणधर्म मोजत असतं.

एक्स-रे अडवले जातात ते मुख्यतः जड अणूंमुळे. ही अडवण्याची क्षमता अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या हिशेबाने वाढते. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, तर स्नायू, लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे पट्टे) आणि गुडघ्यातली गादी म्हणजे मेनिस्कस यांत भरणा असतो तो कार्बन (6), ऑक्सिजन (8) आणि हायड्रोजन (1) यांचा. त्यामुळे हाड पांढरं उमटतं आणि बाकी सगळं एकसारखं करडं. लिगामेंट अख्खं तुटलं तरी करड्यात करडं मिसळून जातं. ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच, की हाडात ठळक मोड दिसत नाही.

तरीही सुरुवात बहुधा एक्स-रेनेच करावी. ताज्या दुखापतीत तो कधी हवा यासाठी ‘ओटावा नियम’ वापरतात: वय 55 किंवा अधिक, गुडघा 90 अंशांपर्यंत वाकत नाही, चार पावलं टाकता येत नाहीत, फक्त वाटीवर किंवा पोटरीच्या बाहेरच्या हाडाच्या वरच्या टोकावर दाबल्यावर दुखतं, यांपैकी काहीही असेल तर एक्स-रे काढावा. सांध्यातली झीज पाहायची असेल तर तो उभं राहून काढलेला हवा. आडवं झोपल्यावर सांध्यावर भार नसतो आणि हाडांमधली कमी झालेली फट खरी दिसत नाही.

सीटी स्कॅन म्हणजे एक्स-रेच, पण सगळ्या बाजूंनी घेतलेला. नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग फुटला असेल तर तुकडे कुठे सरकले हे तो उत्तम दाखवतो. सोनोग्राफीत वाटीखालचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), साचलेलं पाणी किंवा गुडघ्यामागची गाठ छान दिसते. पण ध्वनी हाडापलीकडे जात नाही, म्हणून सांध्याच्या पोटातलं एसीएल, म्हणजे पुढचं क्रूसिएट लिगामेंट, तिच्या आवाक्यात नीट येत नाही.

उरतो एमआरआय, आणि या विषयात मला सगळ्यात मोहून टाकणारी गोष्ट इथेच आहे: त्यात निरोगी मेनिस्कस काळाकुट्ट दिसतो.

मेनिस्कसमध्ये पाणी भरपूर असतं. पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन, एक चिमुकलं चुंबक. 1.5 टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट ताकदीच्या क्षेत्रात, हे प्रोटॉन सेकंदाला सुमारे 6.4 कोटी वेळा घुमतात. त्याच वारंवारितेची रेडिओलहर सोडली की ते कलतात आणि कवायतीतल्या तुकडीसारखे एका तालात घुमू लागतात. हा सामूहिक ताल गुडघ्याभोवतालची कॉइल ऐकते. लहर थांबली की ताल बिघडायला लागतो. तो किती लवकर बिघडतो, यावर सगळं चित्र उभं आहे.

मोकळ्या पाण्यात रेणू सतत गरगरत असतात. शेजारच्या प्रोटॉनचं क्षेत्र क्षणात इकडे, क्षणात तिकडे ओढतं आणि सरासरी शून्य होते. ताल बराच वेळ टिकतो, पाणी पांढरं दिसतं. मेनिस्कस, लिगामेंट आणि कंडऱ्यात मात्र पाणी कोलॅजन या प्रथिनाच्या घट्ट, शिस्तीत रचलेल्या तंतूंना बिलगून असतं. ते मोकळेपणी फिरू शकत नाही, शेजाऱ्याची ओढ एकाच बाजूने लागत राहते, आणि काही मिलिसेकंदांत ताल मोडतो. यंत्र ऐकायला लागेपर्यंत तिथे शांतता झालेली असते. म्हणून काळं. गादी फाटली की त्या भेगेत सांध्यातलं मोकळं पाणी शिरतं, आणि मेनिस्कसच्या छेदाच्या काळ्या त्रिकोणात पांढरी रेघ उमटते. ती रेघ पृष्ठभागापर्यंत पोचली तरच तिला फाट म्हणतात. आतल्या आत विरणारी रेघ बहुधा फाट नसते.

यात एक सुंदर गोची आहे. शेजारी प्रोटॉनची ही ओढ 3cos²θ−1 या राशीच्या प्रमाणात असते, आणि θ म्हणजे तंतूंचा मुख्य चुंबकीय क्षेत्राशी होणारा कोन. हा कोन सुमारे 55 अंश झाला की राशी शून्य होते, ओढ नाहीशी होते आणि धडधाकट कंडराही उजळ दिसू लागतो! जाणता रेडिओलॉजिस्ट अशा वेळी उशिरा ऐकलेलं चित्र काढून बघतो. त्यात हा भास विरतो, खरी इजा मात्र उजळच राहते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे ‘किरणांची’ भीती नको. पेसमेकर किंवा डोळ्यात धातूचा कण असेल तर मात्र आधी सांगायलाच हवं. आणि गुडघेदुखीवर चुंबकीय पट्टे विकणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो: इतक्या प्रचंड चुंबकात वीस-तीस मिनिटं पडून राहिलेला गुडघा जर तेवढ्याने बरा होत नाही, तर पट्ट्यातला तो क्षीण चुंबक काय करणार?

पण ‘सगळं कळेल’ हेही खरं नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या सर्वसामान्य लोकांचे एमआरआय काढले. ज्यांच्या गुडघ्यात फाटलेला मेनिस्कस सापडला, त्यांपैकी 61 टक्के लोकांना आधीच्या महिन्याभरात ना दुखलं होतं, ना गुडघा आखडला होता. 2013 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी झिजून फाटलेल्या मेनिस्कसवर काहींची खरी आणि काहींची नुसती दिखाऊ शस्त्रक्रिया केली, तेव्हा वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. रिपोर्टातला ‘टिअर’, म्हणजे फाट, हा शब्द वाचून घाबरून जाण्याआधी हे माहीत असावं.

म्हणून हाताने केलेली तपासणी आधी. पाय रोवलेला असताना शरीर वळलं, ‘कट्’ आवाज आला आणि काही तासांत गुडघा टम्म फुगला, तर एसीएलचा संशय, आणि एमआरआय सार्थ. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर तोही लवकर दाखवावा. हा तपशील स्कॅनच्या चिठ्ठीवर लिहिलेला असला तर रेडिओलॉजिस्टला कुठे बारकाईने पाहायचं ते कळतं.

वाढत्या वयातलं मूल गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल आणि गुडघ्यात काहीच सापडत नसेल, तर खुब्याचा एक्स-रे काढावा लागतो. खुबा आणि गुडघा या दोन्हींना काही समान नसा जातात. कधी कधी मांडीच्या हाडाचं वरचं टोक खुब्यात घसरलेलं असतं आणि मूल मात्र बोट ठेवतं गुडघ्यावर.