बिल्ड ऑटोमेशनमधल्या एरर शोधणं

सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचं काम (बिल्ड) स्क्रिप्टवर सोपवलं की ती कुठे आणि का अडली हे हुडकून दुरुस्त करायची पद्धत.

या कामाचं पहिलं गाजलेलं टूल म्हणजे बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं मेक, बदललेल्या फाइली ओळखून त्या परत कंपाइल करणारं (मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारं). साल कुठे १९७६ तर कुठे १९७७ दिसतं, त्यातलं १९७६ जास्त पटतं, १९७७ हे बहुधा ते युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत बाहेर पोचल्याचं साल असावं. फेल्डमन यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ बरोबर असलेला प्रोग्रॅम डीबग करण्यात गेली, कारण दुरुस्त केलेली फाइल परत कंपाइलच झाली नव्हती, त्यातून मेकची कल्पना निघाली. मेकसाठी लिहिलेल्या फाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, हेही तेव्हापासूनचं. फेल्डमन यांच्या सांगण्यानुसार लेक्स (मजकुराचे तुकडे ओळखणारा कोड बनवून देणारं टूल) त्यांना नवीन होतं म्हणून सोपा नियम ठेवला आणि थोड्याच दिवसांत डझनभर लोक वापरायला लागले, मग त्यांचं बिघडू नये म्हणून तो बदलला नाही. 'मिसिंग सेपरेटर' ही एरर बहुतेक वेळा टॅबच्या जागी स्पेस पडल्यानेच येते. ग्नू मेक या मेकच्या मोफत आवृत्तीत ३.८२ पासून टॅबऐवजी दुसरं चिन्ह ठरवता येतं, पण फार कोणी ठरवत नाही.

मेक कमांडची प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवतं, त्यामुळे एका ओळीत फोल्डर बदलला तरी पुढची ओळ जुन्याच फोल्डरमध्ये चालते, नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

लॉग (बिल्ड चालताना छापला गेलेला मजकूर) वाचताना शेवटची ओळ नाही, पहिली एरर बघायची, खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. एक्झिट कोडही (कमांड संपताना देते तो आकडा) बोलके असतात: १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, १३७ म्हणजे प्रोसेस किल झाली (१२८ अधिक सिग्नल ९, म्हणजे जबरदस्तीने बंद करायचा इशारा), कारण बहुतेकदा मेमरी संपलेली. आउटपुट पाइपमधून दुसऱ्या कमांडला दिलं असेल तर शेलला फक्त शेवटच्या कमांडचा कोड दिसतो, म्हणून फेल झालेलं बिल्डसुद्धा पास दिसू शकतं, बॅश या शेलमध्ये पाइपफेल (मधली कमांड फेल झाली तरी फेल धरणारी सेटिंग) चालू करावं.

हाताने चालतं आणि सर्व्हरवर अडतं तेव्हा आधी पाथ (कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांची यादी) तपासावा, कारण तिथल्या शेलने तो ठरवणारी प्रोफाइल फाइल बहुतेकदा वाचलेली नसते.

पॅरलल बिल्ड (एका वेळी अनेक कामं चालवणारं) कधी चालतं कधी नाही, असं असेल तर कुठलीतरी डिपेंडन्सी (कुठली फाइल कशावर अवलंबून आहे ती नोंद) लिहायची राहिली असण्याची शक्यता जास्त. एका वेळी एकच काम (जॉब) चालवून ते नीट झालं तर संशय पक्का होतो, पण तेवढ्यावर थांबू नये, राहिलेली डिपेंडन्सी शोधून लिहावी.