दमसास आणि फासळ्यांचा ब्रेक

२१ जूनचा योगदिन जवळ आला की मोबाइलवर एक सल्ला हमखास फिरतो: रोज अर्धा तास कपालभाती करा, फुफ्फुसांची क्षमता दुप्पट होईल, गळ्याला दमसास (एका श्वासात लांबवर गाण्याची ताकद) येईल. कोल्हापुरात गाणं शिकणारी मुलं भरपूर, त्यामुळे इथे हा सल्ला जरा जास्तच मनावर घेतला जातो. अल्लादिया खाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे जी गायकी रुजवली, तिच्यात तुटक श्वासाला जागा नाही. आकारातल्या, म्हणजे ‘आ’ म्हणत घेतलेल्या, एकात एक गुंफलेल्या ताना घेत समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचं आणि धाप लागलेली दिसू द्यायची नाही. दमसास हवाच. तो येतो कुठून, याबद्दल मात्र घोटाळा आहे.

प्रौढ पुरुषाच्या फुफ्फुसांत ठासून भरल्यावर साधारण ६ लिटर हवा मावते. त्यातली सव्वा लिटरभर कितीही जोर केला तरी बाहेर येत नाही. वापरायला उरते पावणेपाच लिटर, बायकांत सव्वातीन-साडेतीन. हा आकडा मुख्यतः उंची, वय आणि छातीच्या पिंजऱ्यावर ठरतो. योगाने तो थोडाफार सुधारतो, दुप्पट होत नाही. आणि तशी गरजही नाही. गाताना स्वरयंत्रातून सेकंदाला साधारण १५० मिलिलिटर हवा जाते. म्हणजे ३ लिटर नीट वापरली तर २० सेकंद मिळाले. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत १६ मात्रांच्या तीनतालाचं अख्खं आवर्तन १६ सेकंदांत संपतं. साठा पुरेसा आहे. तो उधळला कुठे जातो, हे पाहायला हवं.

पेटी (हार्मोनियम) उघडून पाहिलेल्यांना हे लवकर कळेल, आणि पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या कोल्हापुरात पेटीचं उदाहरण ओघानेच येतं. पेटीचा बाहेरचा भाता हवा भरतो, पण सुरांना ती पोचते आतल्या भात्यातून. त्याच्यावरची स्प्रिंग हवेला बऱ्यापैकी एकसारखी दाबत राहते, म्हणून हात थबकला तरी सूर हलत नाही. आपली फुफ्फुसं आणि छातीचा पिंजराही लवचीक आहे, पण ही स्प्रिंग एकसारखी दाबत नाही. पूर्ण श्वास भरून अंग सैल सोडलं तर आतला दाब पाण्याच्या ३० सेंटिमीटर स्तंभाइतका होतो. मध्यम आवाजाच्या ‘सा’ला लागतात सुमारे १० सेंटिमीटर. (ग्लासातल्या पाण्यात नळी १० सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढा, तेवढा जोर.) म्हणजे सुरुवातीला दाब गरजेच्या तिप्पट. तो तसाच स्वरयंत्रातल्या पडद्यांवर सोडला तर स्वर फुटतो, नाहीतर गळा आवळून धरावा लागतो.

इथे ब्रेक लागतो. श्वास घेताना फासळ्या वर उचलणारे बाहेरचे आंतरफासळी स्नायू गाणं सुरू झाल्यावरही ताणलेले राहतात आणि पिंजरा एकदम कोसळू देत नाहीत. हवा बाहेर जात असते, काम मात्र श्वास घेणारे स्नायू करत असतात! वापरायच्या हवेचा साठा साधारण ६० टक्क्यांवर आला की स्प्रिंगचा दाब आणि स्वराची गरज जुळतात. त्या क्षणी ब्रेकची गरज संपते. त्याच्या खाली स्प्रिंग अपुरी पडू लागते आणि आतले आंतरफासळी स्नायू व पोटाचे स्नायू हळूहळू ढकलायला लागतात. जोरकस स्वराला जास्त दाब लागतो, म्हणून हा सांधा लवकर येतो. हळू स्वराला उशिरा. चांगल्या गवयाचा सांधा ऐकू येत नाही. नवशिक्याचा येतो: स्वर तिथे किंचित खाली सरकतो किंवा थरथरतो.

आता कपालभाती तपासा. तिच्यात पोटाच्या स्नायूंनी हवा झटक्याने बाहेर फेकायची असते आणि आत येणं आपसूक होतं. ब्रेकचा सराव त्यात जवळजवळ नाहीच. पोटाचे स्नायू मजबूत होतात, ते ठीक. पण कार्यक्रमाआधी कपालभाती किंवा भस्त्रिका (भात्यासारखा श्वास आत-बाहेर करणं) जोरात केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. याला ‘ऊर्जा चढली’ म्हणतात. ऑक्सिजन वाढतो म्हणावं, तर निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं.

ब्रेक घडवायचा तर सावकाश रेचक, म्हणजे श्वास सोडणं, हवं. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून तळवे जमिनीवर, हात खालच्या फासळ्यांवर. मेट्रोनोम (लय टिकटिकत दाखवणारं यंत्र) ६० वर. नाकाने ४ मात्रा श्वास घ्या, पूर्ण नको, पाऊण भरा. मग ‘स्‌ऽऽ’ करत ८ मात्रांत सोडा. पहिल्या ३-४ मात्रा फासळ्या हाताखालून हलल्या नाहीत तर ब्रेक लागला समजा. अशी १० आवर्तनं. सुस्कारा शेवटपर्यंत एकसारखा ऐकू आला तरच १२ आणि मग १६ मात्रांवर जा. पुढे हेच बसून, आणि नंतर ‘स्‌’ऐवजी आकारातला ‘सा’. चुका ठरलेल्या असतात. ठासून भरलं की ब्रेक दमतो. खांदे उचलले की मान ताठते. सुरुवातीलाच पोट आत ओढलं की नको असलेला दाब वाढतो. शेवटचा थेंबही पिळून काढला की गळा आवळतो, आणि पुढचा श्वास आवाज करत येतो.

भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं, मात्र गवयासाठीच केल्यासारखी आहे. ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, जीभ सैल, स्वर सोयीच्या ‘सा’पाशी, खर्ज (अगदी खालचे स्वर) ओढायचा नाही. तोंड बंद असल्याने पडद्यांच्या वरच्या बाजूलाही थोडा दाब तयार होतो आणि पडदे एकमेकांवर न आपटता हलके भेटतात. ५-६ आवर्तनं पुरतात. गळ्यातलं विशुद्धचक्र उघडल्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी सांगाव्यात. दुर्बिणीतून पाहिलं तर तिथे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीचे दोन पडदे दिसतात, आणि त्यांना पाणी व विश्रांती लागते.

देवल क्लबात, कोल्हापूरच्या जुन्या संगीतसंस्थेत, जाणकार पुढ्यात बसलेले असले की छाती धडधडणारच. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की हृदयाचे ठोके श्वासाबरोबर लयीत वर-खाली होतात आणि धडधड बरीचशी शमते. ४ सेकंद आत, ६ बाहेर, पाच मिनिटं. बस्स.

वाजवणाऱ्यांचं दुखणं वेगळं. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर, त्यामुळे पाठ पिळलेली. त्याला वक्रासन दोन्ही बाजूंनी. तबलजीचे खांदे चढलेले. त्याला गोमुखासनातले नुसते हात पुरेत. पण तबला-सतारवाल्यांनी रियाजाच्या दिवशी मयूरासन, चतुरंग दंडासन टाळावं. मनगट मागे दुमडून त्यावर भार दिला की मनगटातल्या बोगद्यात दाब वाढतो आणि तिथून जाणारी नस चिमटते.

आणि तांबडा-पांढरा ओरपल्यावर तीन तास काहीच नको, ना सर्वांगासन ना कपालभाती. पोटावरच्या दाबाने आम्ल वर चढतं, थेट स्वरयंत्रापर्यंत. सकाळी आवाज जड असतो, घसा सारखा खाकरावासा वाटतो, आणि दोष बिचाऱ्या हवेला मिळतो.

रोज सराव करूनही दम पुरत नसेल तर घड्याळ लावा. एका श्वासात ‘स्‌ऽऽ’ किती सेकंद जातो आणि ‘झाड’मधल्या ‘झ’चा घुमारा किती, ते तीन-तीनदा मोजून त्यातले मोठे आकडे घ्या. दोन्ही जवळपास सारखे आले आणि दोन्ही कमी असले, तर श्वासावर काम करा. ‘स्‌’ हा ‘झ’च्या दीडपट टिकत असेल तर हवा पडद्यांतून गळते आहे. मग आसनं बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं.