डॉक्टर होण्याची वाट हायस्कुलातच का अडते?

पर्सी ज्युलियन 1916 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या डीपॉ विद्यापीठात दाखल झाले तेव्हा त्यांचं हायस्कूलचं शिक्षण अपुरं होतं. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी या त्यांच्या गावी कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीनंतर सरकारी शाळाच नव्हती. त्यामुळे विद्यापीठाचा अभ्यास करता करता त्यांनी शाळेचे राहिलेले विषयही पुरे केले आणि 1920 मध्ये वर्गात पहिले येऊन पदवी घेतली. पुढे व्हिएन्नाहून डॉक्टरेट मिळवून ते विसाव्या शतकातले एक मोठे रसायनशास्त्रज्ञ झाले. सोयाबीनपासून हार्मोन्स तयार करण्याचं त्यांचं काम औषधनिर्मितीत मोलाचं ठरलं. त्यांची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण त्याच गावात त्यांच्याबरोबर आठवी पास होऊन तिथेच थांबलेल्या मुलांचं काय झालं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेत कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि लॅटिनो समाजांतून डॉक्टर व शास्त्रज्ञ आजही त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार कमी आहेत. त्यासाठी हायस्कुलातल्या मुलांना हाताशी धरणारे उन्हाळी वर्ग, प्रयोगशाळेतली उमेदवारी, रुग्णालयाशी जोडलेल्या शाळा असे अनेक उपक्रम चालतात. ही उणीव आपोआप तयार झालेली नाही. तिच्यामागे घेतलेले निर्णय आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या तारखाही सांगता येतात.

त्यातली सर्वांत ठळक तारीख 1910. कार्नेगी फाउंडेशनसाठी अब्राहम फ्लेक्सनर यांनी वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल दिला. त्या काळी पैसे घेऊन कशीबशी पदवी देणारी कॉलेजं देशभर होती आणि त्यांना आळा घालणं गरजेचं होतंच. पण कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी फक्त दोनच, वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी, टिकवण्याजोगी आहेत असं अहवालाने ठरवलं. उरलेली पाच 1923 पर्यंत बंद झाली. कृष्णवर्णीय डॉक्टरांनी आपल्याच समाजात, शस्त्रक्रियेपेक्षा स्वच्छता आणि आरोग्यरक्षणाचं काम करावं, असंही त्या अहवालात सुचवलं होतं. ती पाच कॉलेजं चालू राहिली असती तर एका अंदाजानुसार आणखी 35 हजारांपर्यंत डॉक्टर तयार झाले असते. हा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, आपल्या एका मानाच्या पुरस्कारातून फ्लेक्सनर यांचं नाव काढलं.

अहवालाचा दुसरा परिणाम कमी चर्चिला जातो. वैद्यकीय प्रवेशासाठी हायस्कूल आणि त्यावर किमान दोन वर्षांचं विज्ञानाचं महाविद्यालयीन शिक्षण हवं, ही अट त्यानंतर रूढ होत गेली. अट वाजवीच होती. पण दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी हायस्कूल फार थोड्या ठिकाणी होतं. म्हणजे कॉलेजं कमी झाली आणि उरलेल्या कॉलेजांपर्यंत पोचण्याची पायरीही शाळेच्या बाजूने तुटलेलीच राहिली.

जिथे शाळा होती तिथे काय घडलं, हे वॉशिंग्टनच्या डनबार हायस्कूलकडे पाहून कळतं. विद्यापीठांनी नोकऱ्या नाकारलेले उच्चशिक्षित कृष्णवर्णीय प्राध्यापक तिथे शाळेत शिकवत. रक्तद्रव साठवण्याच्या पद्धती आणि रक्तपेढ्यांची उभारणी यांसाठी ओळखले जाणारे चार्ल्स ड्रू तिथले. शरीररचनाशास्त्रज्ञ मोंटॅग कॉब आणि गणितज्ञ एव्हलिन बॉइड ग्रॅनव्हिल हेही तिथलेच. एका शहरातली एक शाळा, आणि एवढी नावं! तरीही या मुलांकडे गुणवत्ताच नाही असं कुणी म्हणत असेल, तर डनबारच्या माजी विद्यार्थ्यांची यादी त्याच्यापुढे ठेवावी.

नुसती चांगली शाळाही पुरत नाही, हे व्हिव्हियन थॉमस यांच्या वाट्याला आलं. नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कुलातून शिकलेल्या या तरुणाने डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे महामंदीत बँक बुडाली तेव्हा गेले. 1930 मध्ये ते शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाले. काम संशोधकाचं, पण पद आणि पगार मात्र सफाई कामगाराचा. जॉन्स हॉपकिन्समध्ये 1944 साली जन्मतः हृदयदोष असलेल्या बाळावर ती प्रसिद्ध शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तिचं तंत्र प्रयोगशाळेत घडवणारे थॉमस हे ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून त्यांना सूचना देत होते. 1976 मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट मिळाली, पण डॉक्टर मात्र ते कधीच झाले नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या ‘ब्राउन’ खटल्यातल्या निकालाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. दहा वर्षांनी नागरी हक्कांचा कायदा आला आणि गरिबीविरोधी कायद्यातून ‘अपवर्ड बाउंड’ ही केंद्र सरकारची योजना निघाली. गरीब घरांतल्या, आणि घरात आधी कुणी पदवीधर नसलेल्या हायस्कूलच्या मुलांना शनिवारी व उन्हाळ्यात कॉलेजात बोलावून शिकवायचं, हा तिचा गाभा. आजच्या बहुतेक उपक्रमांचा साचा इथून आला. अमेरिकन केमिकल सोसायटीने 1968 मध्ये ‘प्रोजेक्ट सीड’ सुरू केलं. त्यात मुलं उन्हाळाभर खऱ्या प्रयोगशाळेत काम करतात आणि त्याचे त्यांना पैसे मिळतात. या दुसऱ्या भागाचं मोल मोठं आहे. उन्हाळ्यात दुकानात काम करून घरी पैसे देणाऱ्या मुलाला फुकटची उमेदवारीही परवडत नाही.

1970 च्या आसपास बरंच काही एकदम घडलं. ऑकलंडच्या एका हायस्कुलात ‘मेसा’ हा गणित-विज्ञानाचा उपक्रम 1970 मध्ये सुरू झाला. ह्यूस्टनमध्ये 1972 साली बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या साथीने आरोग्यक्षेत्रासाठीचं खास सरकारी हायस्कूल निघालं. पुढे त्याला हृदयशल्यविशारद मायकेल डिबेकी यांचं नाव दिलं गेलं. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने बारावीनंतर थेट पदवी आणि वैद्यक असा जोडअभ्यासक्रम आणला. त्याच वर्षी नॉर्थ डकोटा विद्यापीठात मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठीची ‘इनमेड’ योजना सुरू झाली, आणि तिच्या उन्हाळी शिबिरांना सातवीपासूनची मुलं येतात. सातवीपासून सुरुवात करण्याचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

वैद्यकीय महाविद्यालयांचं लक्ष मात्र तेव्हा स्वतःच्या दारापाशीच होतं. एएएमसीच्या गटाने 1970 मध्ये उद्दिष्ट ठेवलं की पाच-सहा वर्षांत पहिल्या वर्षाच्या जागांपैकी 12 टक्के या समाजांतल्या विद्यार्थ्यांना मिळाव्यात. सुरुवातीला आकडा झपाट्याने वाढला, मग थबकला, आणि उद्दिष्ट हुकलं. 1978 मध्ये, प्रवेश नाकारलेल्या ॲलन बाकी (Bakke) यांच्या खटल्याचा निकाल आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने 100 पैकी 16 जागा राखून ठेवल्या होत्या. ते सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं. वंशाचा विचार अनेक निकषांपैकी एक म्हणून करायला मुभा राहिली, राखीव जागांना नाही.

याच सुमारास एक वेगळा धागा गणिताच्या वर्गातून निघाला. मिसिसिपीत जीव धोक्यात घालून कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणारे रॉबर्ट मोझेस यांनी 1982 मध्ये ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा केला. बीजगणित येणं हा मतदानासारखाच हक्क आहे, ही त्यांची भूमिका. मला या साऱ्या इतिहासात हा सर्वांत नेमका विचार वाटतो. आठवी-नववीत बीजगणित झालं नाही तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठणं अवघड होतं, भौतिकशास्त्र जड जातं आणि कॉलेजात विज्ञानाची पहिली परीक्षाच नापास करते. सोळाव्या वर्षी मुलगी ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हणते, तोवर तिच्यासाठी हा निर्णय दुसऱ्याच कुणीतरी वेळापत्रक लावताना घेतलेला असतो.

एएएमसीही हळूहळू याच निष्कर्षाला आली. 1991 मधल्या ‘2000 सालापर्यंत 3000’ या मोहिमेत दर वर्षी या समाजांतले तीन हजार विद्यार्थी दाखल करण्याचं लक्ष्य होतं, आणि त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांनी आसपासच्या शाळांशी भागीदारी करावी असा आग्रह होता. मग 1996 मध्ये कॅलिफोर्नियात सार्वमताने आणि टेक्सासमध्ये हॉपवुड खटल्याने प्रवेशातला वंशाचा विचार थांबवला. लक्ष्य गाठलं गेलं नाही. शाळांमध्ये पेरलेल्या कामाला फळ यायला दहा-बारा वर्षं लागतात. 2006 च्या अर्थसंकल्पात तर अशा उपक्रमांच्या केंद्रीय निधीला मोठी कात्री लागली. चालू असलेला उपक्रम मध्येच बंद पडला की नववीत आलेली मुलं अकरावीत एकटी पडतात, आणि हे पुन्हा पुन्हा झालं आहे.

परिणाम 2015 च्या एएएमसीच्या अहवालात दिसला. 1978 साली 542 कृष्णवर्णीय पुरुष वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाले होते, 2014 मध्ये 515. छत्तीस वर्षांत आकडा घटला. याची किंमत रुग्ण मोजतात. ऑकलंडमध्ये झालेल्या एका प्रयोगात समोर कृष्णवर्णीय डॉक्टर असेल तर कृष्णवर्णीय पुरुष मधुमेह, कोलेस्टेरॉलसारख्या तपासण्या करून घ्यायला जास्त तयार होतात, असं दिसलं.

जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशातला वंशाचा निकष जवळपास संपवला. 1978 च्या ‘बाकी’ खटल्यातल्या निकालाने ठेवलेली मुभाही गेली. आता गरीब घर, पहिल्या पिढीतलं शिक्षण, डॉक्टर नसलेला तालुका अशा निकषांवर मुलं निवडणारे शालेय उपक्रमच मुख्य साधन उरले आहेत. त्यांतले काही मुलांना मानधन देतात, तर अनेक खासगी उन्हाळी वैद्यकीय शिबिरं हजारो डॉलर शुल्क घेतात. एकाच नावाखाली चालणाऱ्या या दोन गोष्टींत फरक करायला पालकांना, शिक्षकांना आणि निधी देणाऱ्यांना शिकावं लागणार आहे.