सदाफुलीचं मूळ आणि सदाफुलीचं पान

सदाफुली ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. पाच पाकळ्या, बारमाही फुलं, पाणी घालायचं विसरलं तरी तग धरणारं झाड. पांढरी गुणकारी की गुलाबी, या वादात मी शिरत नाही. खरा घोळ मूळ आणि पान यांत आहे. ‘सदाफुलीच्या मुळात कॅन्सरचं औषध असतं’ हे वाक्य विज्ञानाच्या प्रकल्पांतही बिनदिक्कत लिहिलं जातं, आणि ते चूक आहे.

कॅन्सरवरची विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही अल्कलॉइड्स (वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त रसायनं) पानांतून काढतात. कॅथारँथिन आणि विंडोलिन हे दोन रेणू जोडून झाड विनब्लास्टिन बनवतं. त्यातलं कॅथारँथिन मुळातही सापडतं. विंडोलिन मात्र जमिनीवरच्या हिरव्या भागांतच तयार होतं. जोडीतला एक रेणूच नाही, तर मुळात विनब्लास्टिन येणार कुठून? मुळात भरपूर असतं ते अजमॅलिसिन. सर्पगंधेच्या मुळातही ते असतं आणि रक्ताभिसरणाच्या तक्रारींवर ते वापरलं गेलं आहे. मूळ कमी प्रतीचं आहे असं मुळीच नाही, त्याची रसायनंच निराळी आहेत.

मग प्रयोगात गल्लत कुठे होते? मुळाच्या अर्कात अल्कलॉइड तपासायचं ड्रॅगेनडॉर्फचं द्रावण घातलं, नारिंगी साका बसला, की निष्कर्ष लिहून मोकळे! तो साका अर्कात अल्कलॉइड असावं एवढंच सुचवतो. ते कोणतं, हे पाहायला शुद्ध नमुना शेजारी ठेवून क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून पाहण्याची चाचणी, करावी लागते. त्याहून मला खटकते ती पंचांगाची, म्हणजे अख्ख्या झाडाची, पूड. मूळ, खोड, पानं, सगळं एकत्र कुटल्यावर दिसलेला गुण मुळाच्या नावावर मांडणं मला अजिबात मान्य नाही. मूळ वेगळं धुवा, वेगळं वाळवा, बाटलीवर तसं लिहा.

आणि सदाफुलीने मधुमेह आटोक्यात येतो, असं म्हणतात त्याचं काय? कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक त्याच आशेने सदाफुलीची पानं तपासत होते. अर्क तोंडावाटे दिला, तर उंदरांच्या रक्तातली साखर हलली नाही. टोचून दिला, तेव्हा पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. त्या घटलेल्या पेशींच्या मागावरच 1958 मध्ये विनब्लास्टिन हाती लागलं. आजही ही दोन्ही औषधं शिरेतूनच, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. पानं चावून किंवा मुळाचा काढा पिऊन ती मात्रा साधत नाही.