सॅम्पलिंग ऑसिलोस्कोपने सिग्नलची गुणवत्ता मोजणे

सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप पुनःपुन्हा येणाऱ्या वेगवान सिग्नलचे नमुने अनेक फेऱ्यांत गोळा करून त्यांचे चित्र जुळवतो. दर ट्रिगरला (नमुना घेण्याची वेळ ठरवणाऱ्या इशाऱ्याला) एकच नमुना, पुढच्या ट्रिगरला किंचित उशिरा दुसरा, असे त्याचे काम चालते. नमुने सावकाश घेतल्यामुळे व्होल्टेजचा आकडा करणारा १४ बिटांचा रूपांतरक वापरता येतो, गोंगाट कमी राहतो आणि बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल मोजता येतो ती मर्यादा) २० गिगाहर्ट्‌झच्या बरीच पुढे जाते. किंमत मोजावी लागते ती दुर्मीळ घटनांची. सेकंदाला ४० हजार नमुने घेणाऱ्या उपकरणाच्या वाट्याला १० गिगाबिट वेगाच्या प्रवाहातल्या अडीच लाख बिटांपैकी जेमतेम एक येतो. क्वचित होणारी चूक पकडायला हे साधन निरुपयोगी. तिथे सलग नमुने घेणारा रिअल-टाइम स्कोप किंवा चुकलेले बिट मोजणारा बिट-एरर टेस्टरच लागतो.

गुणवत्ता वाचली जाते ती मुख्यतः आय डायग्रामवर, म्हणजे असंख्य बिट एकमेकांवर रचून मिळणाऱ्या डोळ्याच्या आकारावर. हा डोळा खरा की फसवा, हे ट्रिगरवर ठरते. ट्रिगर सिग्नलसोबतच्या क्लॉकवरून (बिटांची लय देणाऱ्या स्पंदांवरून) घ्यावा. खुद्द डेटावरून घेतला तर फक्त ठरावीक चढ-उतारांनाच ट्रिगर मिळतो आणि ट्रिगरजवळच्या कडेचा जिटर (चढ-उताराची वेळ मागेपुढे होणे) चित्रात दिसतच नाही. पॅटर्नच्या सुरुवातीला एकदा येणाऱ्या ट्रिगरने डोळ्याऐवजी ठरावीक बिटांची ओळ दिसते. क्लॉक उपलब्ध नसेल तर क्लॉक-रिकव्हरी, म्हणजे डेटातूनच क्लॉक काढणारी यंत्रणा, वापरतात. तिच्या लूपची बँडविड्थ (१० गिगाबिट इथरनेटसाठी ४ मेगाहर्ट्‌झ) नोंदवणे आवश्यक आहे, कारण त्याहून सावकाश जिटरचा लूप पाठलाग करतो आणि तो मापनातून नाहीसा होतो. लूप रुंद ठेवला की वाईट ट्रान्समीटरही देखणा दिसतो.

इनपुटची बाजू नाजूक असते. बँडविड्थ टिकवण्यासाठी तिथे संरक्षक डायोड नसतात, आणि सोसण्याची मर्यादा बहुधा २ ते ३ व्होल्ट. मोकळ्या पडलेल्या कोअॅक्सियल केबलमध्ये साठलेला विद्युतभारही सॅम्पलर जाळू शकतो. म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा आणि केबलच्या टोकाला आधी ५० ओहमचा टर्मिनेटर क्षणभर लावून भार काढून टाकावा. २.९२ मिमी जोडण्या टॉर्क पान्यानेच, सुमारे ०.९ न्यूटन-मीटरवर घट्ट कराव्यात. फिरवायचा तो नट, केबल नव्हे. उपकरण अर्धा तास तापू द्यावे, मग मॉड्यूल (सिग्नल मोजणारा जोडभाग) कॅलिब्रेट करावे. नंतर खोलीचे तापमान ५ अंशांनी बदलले तर पुन्हा करावे.

राइज टाइम (सिग्नलला खालच्या पातळीवरून वर चढायला लागणारा वेळ) वाचताना स्कोपचा वाटा वजा करावा लागतो. २० गिगाहर्ट्‌झ मॉड्यूलचा स्वतःचा राइज टाइम सुमारे १७.५ पिकोसेकंद असतो, त्यामुळे २५ पिकोसेकंदांची कड साडेतीस दिसते (वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ). यादृच्छिक जिटरलाही हाच नियम लागू आहे. पीक-टू-पीक जिटर (सर्वांत लवकर आणि सर्वांत उशिरा आलेल्या कडेतले अंतर) मात्र मापन चालू राहील तसा वाढतच जातो, तेव्हा किती नमुन्यांवरून घेतला हे न लिहिलेला आकडा कवडीमोलाचा.

प्रकाशीय सिग्नलसाठी बिटदराच्या ०.७५ पट बँडविड्थचा चौथ्या श्रेणीचा बेसेल-थॉमसन फिल्टर चालू ठेवतात. एक्स्टिंक्शन रेशो (‘एक’ आणि ‘शून्या’च्या प्रकाशशक्तींचे गुणोत्तर) मोजण्याआधी प्रकाश पूर्ण बंद करून डार्क कॅलिब्रेशन करतात. ‘एक’ची शक्ती १ मिलिवॅट आणि ‘शून्या’ची ०.१ असेल, तर केवळ ०.०२ मिलिवॅटच्या शून्यदोषाने १० डेसिबलचे ९.३ होतात.

‘एक’ आणि ‘शून्य’ या दोन्ही पातळ्यांतला फरक भागिले त्यांच्या प्रमाणविचलनांची बेरीज, हा क्यू फॅक्टर. ७ हे मूल्य सुमारे १०⁻¹² त्रुटीदराशी जुळते, पण गोंगाट गाऊसियन (घंटेच्या आकाराच्या वितरणाचा) असला तरच. बिटांच्या परस्पर हस्तक्षेपाने पातळ्या दुभंगल्या असतील तर हे गणित फसते आणि मास्क चाचणीवर (डोळ्याच्या चित्रावर आखलेल्या निषिद्ध भागांत किती ठिपके पडतात ते पाहण्यावर) भिस्त ठेवावी लागते. तीतही एकही ठिपका मास्कमध्ये चालणार नाही अशी अट घातली, तर जास्त वेळ मोजणाऱ्याचाच ट्रान्समीटर नापास होतो; म्हणून १०० गिगाबिट इथरनेटच्या एलआर४ या लांब पल्ल्याच्या फायबर प्रकारात लाख नमुन्यांमागे ५ ठिपक्यांची मुभा दिलेली आहे.