पिकलबॉल : कौशल्य, डावपेच व साधने

पिकलबॉल हा भोके असलेला पोकळ प्लॅस्टिकचा चेंडू आणि पॅडल नावाची, तारा नसलेली सपाट बॅट घेऊन जाळीच्या दोन बाजूंनी एकेरी किंवा दुहेरी खेळला जाणारा खेळ आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर १९६५ च्या उन्हाळ्यात जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी तो घरच्या मंडळींसाठी रचला. प्रिचर्ड यांच्या आवारात बॅडमिंटनचे जुने मैदान होते, पण साहित्य पुरेसे सापडेना, तेव्हा टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा चेंडू यांवर भागवण्यात आले. म्हणूनच पिकलबॉलचे मैदान आजही बॅडमिंटनच्या दुहेरीच्या मैदानाएवढे, म्हणजे ४४ × २० फूट असते. जाळी मात्र बरीच खाली असून तिची उंची कडांना ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच असते. भारतात हा खेळ सुनील वालावलकर यांनी आणला आणि त्याची पहिली संघटना मुंबईत उभी राहिली.

या खेळातील जवळजवळ सारे कौशल्य जाळीलगतच्या ७ फुटांच्या पट्ट्याभोवती फिरते. खेळाडू या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात. किचनमध्ये उभे राहून चेंडू टप्पा पडण्याआधी, म्हणजे व्हॉली करून मारता येत नाही. पट्ट्याची रेषाही पट्ट्यातच मोजली जाते, आणि बाहेरून व्हॉली मारल्यावर तोल जाऊन पाय आत गेला, किंवा त्या झोकात डोक्यावरची टोपी आत पडली, तरी फाउल होतो. टप्पा पडलेला चेंडू घेण्यासाठी आत शिरायला मात्र कोणतीही आडकाठी नाही. नवखे खेळाडू नियमाचा हा दुसरा अर्धा भाग विसरतात आणि सोवळ्यातल्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर अडल्यासारखे बाहेरच थांबतात. बॅडमिंटनच्या कोर्टवर वेगळी रेषा न आखता खेळणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते, त्यामुळे तिलाच किचनची रेषा मानून केलेला सराव खऱ्या मैदानावर अर्धा फूट चुकतो.

डावपेचांचे मूळ दोन टप्प्यांच्या नियमात आहे. सर्व्हिस खालून वर हात नेत, तिरक्या दिशेने, किचनच्या पलीकडे टाकायची असते. ती टप्प्यावरच परतवावी लागते आणि तो परतलेला चेंडूही सर्व्हिस करणाऱ्या बाजूने टप्प्यावरच घ्यावा लागतो. परिणामी सर्व्हिस करणारी जोडी मागच्या रेषेवर अडकून पडते आणि परतवणारी जोडी आधी पुढे येऊन जाळी धरते. टेनिसमध्ये सर्व्हिस हे अस्त्र असते, येथे ती जवळजवळ ओझे ठरते. तरीही पारंपरिक पद्धतीत गुण मिळतो तो सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच, आणि ११ गुणांचा डाव किमान दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो. या अडचणीतून वाट काढतो तो तिसरा फटका.

तिसऱ्या फटक्याचा ‘ड्रॉप’ म्हणजे मागच्या रेषेवरून मारलेला असा संथ, कमानदार चेंडू, जो समोरच्या किचनमध्ये उतरतो आणि जाळीपेक्षा वर उसळत नाही. तो जमला तर समोरच्याला चेंडू खालून वर उचलावा लागतो आणि तेवढ्या अवधीत मागची जोडी पुढे सरकते. कमानीचा सर्वांत उंच बिंदू जाळीच्या अलीकडे, आपल्याच बाजूला असावा लागतो. हे न साधल्यास चेंडू जाळीवरून तरंगत जातो आणि समोरचा तो टोलावतो. पकड सैल, मनगट स्थिर, गुडघे वाकलेले आणि हात खांद्यातून झोका घेणारा असावा. हा फटका थेट मागच्या रेषेवरून शिकू पाहणारे बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. त्यापेक्षा किचनच्या रेषेवर उभे राहून सुरुवात करावी आणि चेंडू सलग आठ-दहा वेळा नेमका पडू लागला की एकेक पाऊल मागे जावे. किचनची रेषा आणि मागची रेषा यांमधल्या १५ फुटांत धावत असताना फटका मारू नये. समोरच्याची बॅट चेंडूला लागण्याच्या क्षणी आपले दोन्ही पाय जमिनीवर स्थिर असावेत.

चौघेही जाळीशी आले की हलक्या फटक्यांची, म्हणजे ‘डिंक’ची देवाणघेवाण सुरू होते. येथे साधी भूमिती कामी येते. एका किचनच्या रेषेपासून दुसरीपर्यंत सरळ अंतर १४ फूट असते, तर कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत ते २४ फुटांहून थोडे अधिक भरते. शिवाय तिरका चेंडू जाळीच्या मध्यावरून, म्हणजे दोन इंच कमी उंचीवरून जातो. म्हणून तिरका डिंक अधिक सुरक्षित असतो. वेगवान हल्ला फक्त जाळीपेक्षा उंच आलेल्या चेंडूवर करावा. खालून जोरात मारलेला चेंडू वर चढतच जातो आणि समोरच्याच्या छातीशी आयता पोहोचतो. बॅडमिंटन खेळून आलेल्यांना हा संयम जड जातो, असे दिसते. टेबल टेनिसवाल्यांचा हात जाळीपाशी आधीच आखूड आणि चपळ असतो, मात्र मनगट जास्त चालते. डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलट्या पावलांनी धावणे धोक्याचे असते. त्यात पाठीवर पडून मनगट मोडू शकते, म्हणून अंग वळवून धावावे.

नियमानुसार पॅडलची लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांहून अधिक आणि लांबी एकटी १७ इंचांहून अधिक चालत नाही. वजनाला मर्यादा नाही, परंतु बहुतेक पॅडल २१० ते २४० ग्रॅमच्या आसपास असतात. आतील गाभा साधारणतः पॉलिप्रॉपिलीनच्या मधपोळ्यासारखा असतो. १६ मिलिमीटर जाडीच्या गाभ्यावर चेंडू जास्त आवाक्यात राहतो, तर १३ मिलिमीटरच्या आसपास तो अधिक उसळून सुटतो. ड्रॉप अजून बसला नसेल त्याने जाड गाभाच घ्यावा. खडबडीत कार्बन तंतूचा पृष्ठभाग चेंडूला फिरकी देतो, पण वापराने तो गुळगुळीत होत जातो, आणि महागडी बॅट घेणाऱ्याला हे सहसा उशिरा कळते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत मूठ घामाने निसटते, त्यामुळे वरची पकडपट्टी वारंवार बदलावी लागते. पळण्याचे बूट मात्र टाळावेत, कारण त्यांचे तळ पुढे धावण्यासाठी बनवलेले असतात आणि आडव्या हालचालीत घोटा मुरगळतो. १४ फुटांवरून चेंडू तोंडावर येऊ शकत असल्याने डोळ्यांना संरक्षक चष्मा लावणे शहाणपणाचे असते.

उघड्यावर खेळण्याच्या चेंडूला बहुधा ४० लहान भोके असतात आणि तो कडक असतो. सभागृहातल्या चेंडूला सहसा २६ मोठी भोके असतात आणि तो मऊ असतो. कडक चेंडू भोकांच्या कडेला चिरतो. तडा केसाएवढा असला तरी त्याचा आवाज बसका येतो आणि उड्डाण वाकडे होते, म्हणून डाव सुरू करण्यापूर्वी चेंडू दोन्ही अंगठ्यांनी दाबत, फिरवत तपासून घेतात.