उशीर होणारच आहे असं धरून आग विझवायची: गावातल्या व्हॉलंटियर फायर ब्रिगेडचं विज्ञान

मोठ्या शहरात आग लागली की स्टेशनवर ड्युटीवर बसलेली माणसं मिनिटभरात बंबात चढतात, आणि रस्त्याच्या कडेला हायड्रंट असतो, पाईप जोडला की पाणी चालू. लहान गावात यातलं काहीच नाही. तिथे स्टेशन म्हणजे कुलूप लावलेली एक शेड, आणि बंब चालवणारी माणसं त्या वेळी कुणी शेतात, कुणी गॅरेजमध्ये, कुणी वर्गात शिकवतंय, कुणी गाढ झोपेत. पेजर वाजला की हातातलं काम टाकून आधी स्टेशन गाठायचं, मग गियर, म्हणजे आगीपासून बचावाचे कपडे आणि हेल्मेट, चढवायचा, मग बंब काढायचा, आणि मग कुठे आगीकडे निघायचं. पगार बहुतेक ठिकाणी नाहीच.

आणि हा कुठल्या कोपऱ्यातला हौशी प्रकार आहे असं वाटत असेल तर तसं नाही. जर्मनीत असे साधारण १० लाख व्हॉलंटियर आहेत. चिलीत अग्निशमन दल जवळपास सगळंच व्हॉलंटियर आहे, वालपराइसो बंदरात १८५१ साली सुरुवात झाली ती आजतागायत चालू. अमेरिकेतले साधारण दोन तृतीयांश फायरफायटर व्हॉलंटियर, आणि ऑस्ट्रेलियाच्या एकट्या न्यू साउथ वेल्स राज्यात ७० हजारांच्या आसपास.

माझ्या मते या लोकांचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. गावची ब्रिगेड म्हणजे शहरातल्या ब्रिगेडची छोटी, गरीब आवृत्ती नाही, तिचं गणितच वेगळं आहे. शहरातलं गणित लवकर पोचण्याचं, गावातलं गणित उशिरा पोचूनही काय वाचवता येईल याचं.

आग सरळ रेषेत वाढत नाही. इंजिनियर लोक एक साधं मॉडेल वापरतात, त्यात आगीतून बाहेर पडणारी उष्णता वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यांच्या वर्गवारीत 'फास्ट' म्हणतात ती आग अडीच मिनिटांत साधारण १ मेगावॉटवर जाते, म्हणजे पाच मिनिटांनी २ नाही तर ४ मेगावॉट, अर्थात जळायला सामान आणि हवा पुरली तर. त्यात छताखाली गरम धुराचा थर साचत जातो, तो ५००-६०० अंशांवर गेला की त्याच्या नुसत्या झळीने खाली असलेलं सगळं, सोफा, कार्पेट, पडदे, जवळजवळ एकदमच पेट घेतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि तो झाला की पूर्ण गियरमधला माणूससुद्धा त्या खोलीत काही सेकंदच टिकतो. पूर्वीच्या घरांत लाकूड-कापूस जास्त असायचा, आता सगळीकडे पॉलियुरेथेन फोम आणि प्लास्टिक. अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या संस्थेने जुन्या सामानाची खोली आणि नव्या सामानाची खोली शेजारी शेजारी पेटवून बघितली, जुनीला फ्लॅशओव्हरपर्यंत जवळजवळ अर्धा तास लागला आणि नवीला पाच मिनिटंही नाही.

आता दुसरा आकडा बघा. अमेरिकेत व्हॉलंटियर दलांसाठी एक स्टँडर्ड आहे, त्यात ग्रामीण भागाची अपेक्षा अशी की १४ मिनिटांत ६ माणसं जागेवर असावीत, आणि तेही दहातल्या आठ वेळा. पाच मिनिटं विरुद्ध चौदा मिनिटं. हा हिशोब जुळत नाही आणि कितीही जीव तोडून पळालं तरी जुळणार नाही.

म्हणून पोचल्यावर पहिलं काम पाणी मारणं नसतं, घराला एक चक्कर मारणं असतं. बघणाऱ्याला वाटतं हे फिरतायत काय! पण उशिरा पोचलेल्याला बऱ्याचदा एक फसवं दृश्य दिसतं, बंद घर, ज्वाळा नाहीत, थोडा धूर. आतली आग ऑक्सिजन संपल्यामुळे मंदावलेली असते, विझलेली नसते, आणि आत न जळलेला गरम वायू भरून राहिलेला असतो. कुणी उत्साहाने दार उघडलं की हवा आत जाते आणि दोन-तीन मिनिटांत तीच आग फ्लॅशओव्हरला पोचू शकते. त्यामुळे हातात पाण्याने भरलेला होज, म्हणजे पाणी मारायचा लांब पाईप, तयार असल्याशिवाय दार उघडायचं नाही, उघडलं तरी होजपुरती फट ठेवायची. (याच कारणाने रात्री बेडरूमचं दार लावून झोपावं असं फायरवाले सांगतात, एक साधं बंद दार धूर आणि उष्णता बराच वेळ अडवतं.)

मग पाणी. एक लिटर पाणी २० अंशांवरून पूर्ण वाफ होईपर्यंत साधारण २.६ मेगाज्यूल उष्णता खातं, आणि त्यातली बहुतेक फक्त वाफ होताना. म्हणजे मिनिटाला ४०० लिटर मारणारा एक होज कागदावर १७ मेगावॉटची आग थंड करू शकतो. प्रत्यक्षात बरंचसं पाणी वाफ न होताच भिंतीवरून ओघळून जातं. शिवाय वाफ झाली की एका लिटरची १७०० लिटर होते, त्यामुळे चुकीच्या जागी पाणी मारलं तर आतल्या माणसालाच भाजतं.

पण मुळात ४०० लिटर आणायचे कुठून? बंबाच्या टाकीत समजा ३००० लिटर आहेत, तर साडेसात मिनिटांत टाकी खलास. इथे गावच्या ब्रिगेडची खरी कमाल आहे आणि ती कुठल्याच बातमीत येत नाही. घराजवळ एक घडीचा हौद उघडतात, टँकर येतो, त्यात पाणी ओततो आणि लगेच परत निघतो, बंब त्या हौदातून ओढत राहतो. ८००० लिटरचा टँकर भरून, आणून, ओतून परत जायला २० मिनिटं घेत असेल तर हिशोब येतो मिनिटाला ४००, म्हणजे बरोबर एक होज अखंड चालू. दुसरा होज हवा तर दुसरा टँकर हवा. आग मोठी असली की आतल्या हिरोपेक्षा तलावापाशी टँकर भरणारी दोन माणसं जास्त महत्त्वाची ठरतात.

तलावातून पाणी उचलायचं तर त्यातही फिजिक्स आडवं येतं. पंप पाणी 'ओढत' नाही, तो फक्त पाईपमधली हवा काढतो आणि बाहेरचा वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला याची कमाल मर्यादा १०.३ मीटर, व्यवहारात ७ च्या आसपास, डोंगराळ भागात दाब कमी म्हणून आणखी कमी. पाईप कडक लागतो, मऊ असला तर आत चेपतो, आणि जोडणीतलं एक खराब रबर पुरतं, स्ट्रॉला भोक असलं की जसं होतं तसं. होजचं पण तसंच, पाण्याचा प्रवाह दुप्पट केला की घर्षणाने जाणारा दाब चौपट होतो, उलट व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच प्रवाहाला तो साधारण बत्तिसाव्या भागावर येतो, म्हणून लांबून पाणी आणायला जाडजूड होज टाकतात.

वणव्यात सगळं अजून बदलतं. चढ १० अंशांनी वाढला की वर जाणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. बारीक सुकं गवत हवेतला ओलावा तासाभरात घेतं किंवा सोडतं, त्यामुळे सकाळी पेटता न पेटणारं माळरान दुपारी भडकतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्याला कुठल्या घळीतून वारा वर चढतो आणि जाळरेषा (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा) कुठे काढायची हे नकाशा न बघता माहीत असतं. आणि घरं बहुतेक वेळा ज्वाळांनी जात नाहीत, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी जातात, ते काही किलोमीटरही उडतात. ७ फेब्रुवारी २००९ ला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात जे वणवे पेटले त्यात १७३ माणसं गेली आणि २ हजारांवर घरं. म्हणून आग पुढे निघून गेल्यावरही व्हॉलंटियर तासन्‌तास पन्हाळी आणि छपरं तपासत फिरतात.

याची किंमत शरीर मोजतं, आणि ती भाजण्यातून कमी, हृदयातून जास्त. २००७ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की फायरफायटरच्या कामाच्या वेळातला आग विझवण्याचा हिस्सा फार तर १ ते ५ टक्के, पण ड्युटीवर हृदयविकाराने झालेले ३२ टक्के मृत्यू त्याच वेळात. झोपेतून पेजरने उठवायचं, वीस-पंचवीस किलोचा गियर चढवायचा आणि उष्णतेत ओढाओढ करायची, पन्नाशीतल्या हृदयाला हे झेपेलच असं नाही. शिवाय २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने फायरफायटिंग हे कामच कॅन्सरकारक गटात टाकलं, त्यामुळे काजळी लागलेला गियर गाडीच्या डिकीत टाकून घरी नेण्याची जुनी सवय आता मोडावी लागतेय.

माणसंही कमी होतायत. अमेरिकेत १९८४ ला सुमारे ९ लाख व्हॉलंटियर होते, २०२० ला पावणेसात लाखांच्या आसपास. दिवसा तर गावात कुणी नसतंच, सगळे कामाला बाहेर. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आता पहिल्याच कॉलला आजूबाजूच्या दोन-तीन गावांची दलं एकत्र निघतात, आणि साठीच्या पुढच्यांना आत न पाठवता पंप, टँकर, रेडिओ यावर लावतात.